अंबाक्का आणि वाकलेली रॅकेट

अंबाक्का मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या एका रॅकेटचा वास घेत होत्या.

मी बेळगावच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. शाळा कॅम्पाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, कडेला. जून संपत आलेला, पाऊस आठ दिवस थांबला नव्हता. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसनी, मला खेळाच्या खोलीतून कसलीशी किल्ली आणायला पाठवलं. खिडकीपाशी चाळिशीतली एक उंच, सडपातळ बाई उभी होती. नऊवारी लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, कपाळ मोकळं, आणि हातातली टेनिसची रॅकेट नाकाशी धरलेली. माझ्याकडं न बघताच तिनं रॅकेट पुढं केली.

"बघ. कसला वास येतोय?"

मी वास घेतला आणि खरं ते सांगितलं, "ओल्या शेळीचा."

तेव्हा त्या वळल्या. "ह्या जाळीची तात शेळीच्या आतड्याचीच असती. मी लाकडाचा इच्यारतोय. आत ओल गेलीय. दोन दिसांत वाकणार ही."

आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी विचारतो' असंच म्हणतात. पुण्याकडचे इन्स्पेक्टर आले की मोठ्या बाई आम्हाला हळूच सावध करायच्या. अंबाक्का मात्र इन्स्पेक्टरांसमोरही तसंच बोलायच्या आणि इन्स्पेक्टरच पुढच्या वर्गाकडं वळायचे.

त्या मूळच्या निपाणीच्या. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. सोळाव्या वर्षी नवरा गेला, त्यानंतर कधीतरी त्या धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात गेल्या आणि तिथून गणित शिकवायला आमच्या शाळेत आल्या. मधलं काही कळायला मार्ग नव्हता. कुणी विचारलंच तर "निपाणीत माझं काय न्हाय" एवढं म्हणून त्या वह्या तपासायला घ्यायच्या. मुली त्यांना आक्का म्हणत, आणि वर्षभरात मीही म्हणू लागले.

गणिताच्या बाईंकडं टेनिस कसं आलं, त्याची गोष्ट शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. कॅम्पातली एक गोरी बाई विलायतेला परत जाताना सहा जुन्या रॅकेटी आणि एक जाळं शाळेला देऊन गेली. खेळ कुणालाच येत नव्हता. वस्तू पडून राहणं आक्कांना खपत नसे. त्या दोन महिने रोज संध्याकाळी साहेबांच्या क्लबाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि कुंपणातून खेळ बघत राहिल्या. गुण कसे मोजतात, चेंडू कुठं पडला की बाद, खेळ संपल्यावर तिथला नोकर रॅकेटी कशा पुसतो, कशा ठेवतो, सगळं त्यांनी एका वहीत उतरवून घेतलं. मग शाळेमागची लाल माती मुलींकडून चोपून घेतली, चुन्यानं रेघा मारल्या आणि पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा रॅकेट हातात धरली. गावात कुरकुर झाली. एका आईनं येऊन विचारलं, आतड्याच्या तारांना मुलीचा हात लागतो, त्याचं काय? आक्का म्हणाल्या, "खेळून झालं की हात धुवायला सांगतो."

रॅकेट सांभाळणं हे त्यांच्या लेखी खेळापेक्षा मोठं काम होतं. पहिले आठ दिवस त्या नव्या मुलीला चेंडू देतच नसत, नुसती रॅकेट हातात देऊन शिकवायच्या. हे लाकूड वाफेवर वाकवून गोल केलेलं असतं, सगळीकडून तात ओढून धरते म्हणून ते ताणलेलं असतं. त्याला ओल लागली की ते नरम पडतं, आणि वाळताना ज्या बाजूला ओढ जास्त त्या बाजूला पिळवटतं. एकदा पिळवटलं की चेंडू सांगितल्या जागी जात नाही. म्हणून रॅकेट उन्हात टाकायची नाही, भिंतीला टेकवून उभी करायची नाही, ओली ठेवायची नाही आणि चापाबाहेर राहू द्यायची नाही. चाप म्हणजे दोन लाकडी चौकटी. मधे रॅकेट ठेवायची आणि चार कोपऱ्यांवरचे चार नट बोटांनी फिरवून आवळायचे, म्हणजे ती सपाट राहते. आवळण्याचाही नियम होता आणि तो मुली पाढ्यासारखा म्हणत: वरचे दोन नट आधी, अंगात असेल तेवढा जोर लावून. मग खालचे दोन.

हा नियम आक्कांनी क्लबातल्या त्या नोकराला बघून केला होता.

आक्कांचं चुकत नाही, हे शाळेत ठरूनच गेलेलं होतं. एकदा अंकगणिताच्या पुस्तकातल्या एका उदाहरणाचं उत्तर मुलींच्या उत्तराशी जुळेना. आक्कांनी फळ्यावर ते तीन रीतींनी सोडवलं आणि म्हणाल्या, "पुस्तक चुकलंय. पुढं चला." मुलींना ते खरं वाटेना. पुढच्या वर्षी पुस्तकाची नवी आवृत्ती आली, त्यात उत्तर बदललेलं होतं. आक्कांनी ते पान उघडूनसुद्धा बघितलं नाही. मीच उत्साहानं दाखवायला गेले, तर म्हणाल्या, "मग? मी सांगिटलं हुतं की."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ती चार-पाच वर्षं. त्याच वेळी चंद्रा शाळेत होती.

चंद्रा सांबऱ्याची, शेतकऱ्याच्या घरातली. शहापुरात मामाकडं राहून शिकायची. पहाटे मामीचं पाणी भरून, झाडलोट करून, शहापुरापासून कॅम्पापर्यंत चालत यायची. विहिरीचं पाणी ओढून तिचे दंड टणक झालेले. बोलायची कमी, पण चेंडू असा मारायची की पलीकडची मुलगी रॅकेट आडवी धरून डोळे मिटून घ्यायची. आक्का तिचं तोंडावर कौतुक करत नसत. फक्त चंद्रा खेळत असली की त्या छत्री मिटवून ठेवायच्या, पावसाची भुरभुर असली तरी.

ती सातवीत गेली त्या वर्षी धारवाडच्या एका शाळेशी सामना ठरला, आणि गावातल्या एका न्यायाधीशांच्या पत्नीनं त्यासाठी एक नवी रॅकेट शाळेला दिली. तशी रॅकेट आम्ही कुणी पाहिली नव्हती. पिवळसर चमकतं लाकूड, ताठ तात. आक्कांनी ती चंद्राच्या हातात दिली. एका सोमवारी संध्याकाळी खेळ चालू असताना पाऊस आला. सगळ्या आत पळाल्या. चंद्रानं रॅकेट पुसून ठेवली. दोन दिवस पाऊस उघडला नाही. गुरुवारी आक्कांनी कपाट उघडलं, तर ती नवी रॅकेट पापडासारखी वाकडी झालेली.

त्या ती घेऊन सातवीच्या वर्गावर आल्या. मी शेजारच्याच वर्गात होते, मधे नुसता लाकडी पडदा. सगळं ऐकू येत होतं.

"चंद्रा, ही चापात घातली हुतीस?"

"व्हय, आक्का."

"पुसून?"

"पुसून घातली."

"नट आवळले हुतेस?"

"आवळले. तुमी सांगिटलं तसंच."

"मग ही वाकली कशी?"

"म्हाईत न्हाई, आक्का."

"चापात घातलेली रॅकेट वाकत न्हाय. तू बाहेर टाकून गेलीस आणि सकाळी कुणी बघायच्या आधी घातलीस. खोटं बोलू नको."

"मी खोटं बोलत न्हाय."

"खरं सांगशील तवा मैदानावर ये. तोवर नको."

पडद्याच्या या बाजूला माझ्या मुलींनीसुद्धा लिहिणं थांबवलं होतं. मी काही केलं नाही. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल.

पुढच्या सोमवारी चंद्रा आली नाही. दहा दिवसांनी तिचे वडील आले, पावसात भिजलेलं घोंगडं दाराबाहेर ठेवून आत आले. म्हणाले, "पोरगी म्हणती, शाळंत जायचं न्हाय. खोटं बोलती म्हणाल्यावर कशी जायाची, म्हणती. दाखला द्या." वर्गशिक्षिका म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आक्कांनीच लिहिला. त्यात वर्तणुकीचा रकाना असतो. त्यात त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'असत्य बोलते'. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी दाखला नीट घडी करून मुंडाशात खोचला आणि नमस्कार करून गेले. माघात चंद्राचं लग्न झाल्याचं कळलं. धारवाडचा सामना आम्ही हरलो.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी आक्कांनी शाळेसाठी पुन्हा एक नवी रॅकेट मिळवली. ती त्या कुणाच्या हाती देत नसत. स्वतः पुसायच्या, स्वतः चापात घालायच्या, किल्ली कमरेला. जुलैत एका सकाळी त्यांनी मला खेळाच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन रॅकेटी शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, एक चंद्राची आणि एक नवी. दोन्ही एकाच बाजूला, एकसारख्या वाकलेल्या.

"ही कुणी ठेवली हुती?" त्यांनी मला विचारलं. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्याच दुपारी आम्ही कॅम्पातल्या हुसेनसाबकडं गेलो. साहेबांच्या रॅकेटींना तात भरून देणारा हा म्हातारा एका बोळात बसायचा. आक्का त्याच्याकडं कधी गेल्या नव्हत्या, गरजच पडली नव्हती. त्यानं दोन्ही रॅकेटी डोळ्यासमोर आडव्या धरून बघितल्या, मग चाप मागितला. चाप सपाट फरशीवर ठेवला तर त्याचा एक कोपरा वर राहत होता.

"बाई, रॅकेटीच्या आधी ह्यो चाप वाकलाय," तो म्हणाला. "कोन आवळतंय?"

"आम्हीच. आधी वरचे दोन, गच्च. मग खालचे."

हुसेनसाबनं मान हलवली. "न्हाय न्हाय. चारी थोडे थोडे फिरवायचे. ह्यो एक, मग समोरचा तिरका, मग ह्यो, मग त्येच्या समोरचा. परत एक फेरा. बोटाला लागंल एवढंच. वरचं गच्च केलं की खालचं तोंड उघडतंय, आनि खालचं ओढलं की मदी लाकूड पिळतंय. त्यात ओली असली की झालंच. पुसून दोन तास सावलीत वाऱ्यावर ठेवायची, मग चापात. क्लबातला न्हवं का तो नोकर, त्यो असंच गच्च आवळायचा. साहेबांनी हाकलला त्येला."

आक्कांनी विचारलं, "आवळणाऱ्याच्या हातात जोर जास्त असला तर?"

"तर लौकर वाकंल. कमजोर हाताची पोरगी असंल तर वाचतीय बी कदी कदी."

परत येताना आक्का रस्त्याच्या कडेनं चालत होत्या. कॅम्पातल्या चर्चपाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "कमल, बाकीच्या पोरी कुचराई करत हुत्या. बोटं दुखतात म्हणून सैल ठेवायच्या. सांगिटलेलं तंतोतंत केलं ते तिनं एकटीनं."

संध्याकाळी मोठ्या बाईंच्या खोलीतून आवाज येत होते. मोठ्या बाई म्हणत होत्या, "दाखला बदलून देऊ, अंबूताई, पण सगळ्या मुलींसमोर कशाला? तुमचा मान राहणार नाही." आणि आक्कांचा आवाज आला, "खोटं बोलती म्हणालो ते पोरींसमोरच म्हणालो हुतो."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्या पुढं आल्या. रॅकेट का वाकली, ते त्यांनी गणित सोडवावं तसं पायरीपायरीनं सांगितलं. ओल, ताण, चाप, नट. शेवटी म्हणाल्या, "चंद्रा खरं बोलत हुती. मी शिकवलेलं चुकीचं हुतं. आणि तिला खोटी म्हणालो ते त्याहून चुकीचं." एवढं सांगून त्या पाचवीच्या वर्गावर तास घ्यायला गेल्या. मोठ्या बाईंना वाटलं होतं मुली हसतील. मुली हसल्या नाहीत, पण कितीतरी दिवस त्यांच्याकडं बघून गप्प व्हायच्या. ते आक्कांना अवघड जात असावं, कारण त्या दिवसांत त्या आमच्याबरोबर डबा खायला बसत नसत.

चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय असं कळलं, तेव्हा आम्ही टांगा करून सांबऱ्याला गेलो. आक्कांच्या पिशवीत नवा दाखला होता. ती वाकलेली रॅकेटही त्यांनी बरोबर घेतली होती. मी म्हटलं, "ती कशाला?" तर म्हणाल्या, "नुसतं तोंडानं सांगिटलं तर तिला वाटंल, कीव करून सांगतोय."

अंगणात चंद्राचे वडील दोर वळत बसले होते. आक्का बाजेवर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आप्पा, तुमची पोरगी खरं बोलत हुती. चूक माझी हुती."

म्हाताऱ्याला आधी काही कळलंच नाही. मग तो घाईघाईनं म्हणाला, "जाऊ द्या बाई, पोरांच्या हातनं हुतंय. ती रॅकेट का काय, गेली तर गेली."

"तिच्या हातनं झालं न्हाय, तेच सांगाय आलोय."

चंद्रा दारात आली. डोक्याला फडकं बांधलेलं, छातीशी महिन्याभराचं मूल. सतरा वर्षांची असेल. चेहऱ्यावरचं मुलीपण गेलेलं. आक्कांनी तिच्या समोर अंगणातल्या मातीवर चाप ठेवला, रॅकेट ठेवली, आणि सगळं पुन्हा सांगितलं. चंद्रानं मूल आईकडं दिलं आणि खाली बसली. रॅकेटीच्या गोलावरून एकदा बोट फिरवलं.

"सरळ हुईल ही?"

"न्हाय. हुसेनसाब म्हणतो, आता न्हाय."

"मी तुमी सांगिटलं तसंच केलतं, आक्का."

"व्हय."

"मग त्या दिशी मला इच्यारलं का न्हाई? कसं आवळलंस, दाखीव, म्हणून का न्हाई म्हणाला? मी दाखीवलं असतं."

शेजारी आजीच्या हातात मूल रडायला लागलं होतं. "माझं चुकलं असंल, हे माझ्या मनातच आलं न्हाय," आक्का म्हणाल्या.

त्यांनी दाखला पुढं केला. चंद्रानं तो उघडून वाचला. वर्तणुकीच्या रकान्यावर तिची नजर थांबली. मग तिनं तो वडिलांच्या हातात दिला. "मला आता ह्येचा काय उपेग न्हाई. सासरी काय दाखवू? पण शांतीला घ्या तुमच्या शाळंत." शांता तिची धाकटी बहीण, दाराआडून बघत होती. "आणि ती काय चुकली तर आदी इच्यारा तिला. मग बोला."

"तिला शाळा नको," आप्पा एकदम म्हणाले. "एकीचं झालं तेवढं बास."

आक्कांनी वाद घातला नाही. चंद्राकडं बघून "इच्यारीन" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या हात जोडतील, क्षमा कर म्हणतील. त्यांनी काही म्हटलं नाही. रॅकेट आणि चाप उचलला आणि आम्ही टांग्यात बसलो. मला ते खटकलं. एवढ्या लांब येऊन तो एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, याचा मला मनातून रागही आला.

पुढच्या जूनमध्ये आप्पा बैलगाडीतून शांताला घेऊन आले. आत यायला तयार नव्हते, फाटकाशीच उभे राहिले. "थोरलीनं सासरवरनं निरोपावर निरोप धाडले," म्हणाले. शांता आक्कांच्या खोलीत राहिली, त्यांच्याच हातचं जेवली. खेळात तिला अजिबात गती नव्हती, आणि आक्कांनी कधी तिच्या हातात रॅकेट दिली नाही. ती सातवीची फायनल पास झाली आणि पुढं तालुक्याच्या एका शाळेत शिकवू लागली. चंद्रा मात्र परत शिकली नाही. आक्का एकदा तिच्या सासरी बोलायला गेल्या होत्या. सासऱ्यानं चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर आक्का बदलल्या, असं लोक म्हणतात. माझ्या मते त्या कमी बोलू लागल्या, एवढंच. चुकलेल्या उदाहरणावर फुली मारण्याआधी त्या मुलीला टेबलाशी बोलावून "कसं केलंस, सांग" म्हणायच्या. एकेका वहीला इतका वेळ लागायचा की मुली कंटाळायच्या आणि मोठ्या बाई घड्याळ बघायच्या. लढाई सुरू झाल्यावर मैदानाची जागा लष्करानं घेतली आणि टेनिस बंद पडलं. आक्कांनी त्याबद्दल कुणाकडं तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

नोकरी संपल्यावर त्या निपाणीला परत गेल्या. जिथं माझं काही नाही म्हणायच्या, तिथंच. स्वातंत्र्याच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. वखारींच्या मागच्या गल्लीत एक खोली, साऱ्या गल्लीभर तंबाखूचा उग्र वास. त्या खूप वाळल्या होत्या, नजर अधू झाली होती. माझा आवाज ओळखून म्हणाल्या, "कमल, पाणी घे माठातलं. मला उठाय वेळ लागतोय."

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. शांताला दोन मुलं झाल्याचं मी सांगितलं, ते त्यांना आधीच ठाऊक होतं. शेवटी मनात इतकी वर्षं राहिलेलं मी विचारलं. "आक्का, त्या दिवशी सांबऱ्याला तुम्ही चंद्राची माफी का नाही मागितली?"

त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला वळवलं.

"मागितली असती तर तिला द्यावी लागली असती," त्या म्हणाल्या. "शाळंतली आक्का दारात येऊन हात जोडून उभी ऱ्हायली, बाप शेजारी, आई शेजारी. न्हाय म्हणायची सोय हुती काय तिला? शाळा घेतली तिची. ते पण घ्यायचं व्हय?"

मी उठून त्यांना माठातलं पाणी दिलं.

"कधी आली न्हाय ती इकडं," त्या म्हणाल्या. "बरोबर केलं."

बेळगावची मोटर पाच वाजता होती. मी नको नको म्हणत असताना त्या भिंतीला हात लावत गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या. तिथं ऊन होतं. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला, मी कुठं उभी आहे ते नीट दिसत नव्हतं त्यांना, आणि माझ्या जरा उजवीकडं बघून म्हणाल्या, "जा आता. मोटर चुकंल." मग त्या वळल्या आणि पुन्हा भिंत चाचपत, एकेक दार मोजत, आपल्या खोलीकडं चालू लागल्या.